सारामागोंचे आजी-आजोबा

आजचा दिवस पोर्तुगीज कादंबरीकार जोसे सारामागो यांच्या विचारात गेला. त्यातही त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा त्यांचे आजी-आजोबाच अधिक आठवत राहिले. १९९८ साली नोबेल पारितोषिकानिमित्त दिलेल्या व्याख्यानाच्या आरंभीच, आपल्याला भेटलेला सर्वांत शहाणा माणूस निरक्षर होता, असे त्यांनी सांगितले. पोर्तुगालमधल्या अझिन्यागा या खेड्यात डुकरे पाळून गुजराण करणारे ते आजोबा, लिस्बनच्या रुग्णालयातून आपण परतणार नाही हे उमगल्यावर, परसातल्या एकेका झाडाला मिठी मारून रडत त्यांचा निरोप घेऊन आले. आजीने तर म्हातारपणी घराच्या दारात बसून ताऱ्यांकडे पाहताना, जग इतके सुंदर आहे आणि आपल्याला मरावे लागणार याचे फार वाईट वाटते, असे म्हटले होते. मरणाचे भय वाटते असे ती म्हणाली नाही, याकडे सारामागोंनी मुद्दाम लक्ष वेधले आहे. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण भय माणसाला स्वतःपुरते आक्रसून टाकते, तर हळहळ त्याला झाडांशी आणि ताऱ्यांशी बांधून ठेवते.

त्यांची पहिली कादंबरी १९४७ची, आणि त्यानंतरची प्रसिद्ध झाली थेट १९७७ मध्ये. मधल्या काळात एका प्रकाशकाकडे पाठवलेल्या हस्तलिखिताला अनेक वर्षे साधे उत्तरही आले नाही. त्यांच्या या दीर्घ मौनाला साधना म्हणून गौरवणे मला पटत नाही; नाकारले जाण्याचे दुःख त्यात निश्चितच होते. १९७५ मध्ये वृत्तपत्रातले पद गेल्यावर, पन्नाशी उलटून गेलेली असताना, त्यांनी पूर्णवेळ लेखनाला वाहून घेतले आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांना खरी कीर्ती लाभली.

ऐंशी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, त्यांनी असा देश कल्पिला की जिथे नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून कुणी मरतच नाही. आरंभीचा जल्लोष लवकरच ओसरतो, कारण आजारी आणि जराजर्जर माणसे सुटकेविना अडकून पडतात. मरण हवेसे वाटावे म्हणून ही कादंबरी लिहिलेली नाही, असे माझे मत आहे. आजीची हळहळ खरी मानूनही मरणाची गरज तपासून पाहण्याचे धाडस त्यात आहे.

पुढे गंभीर आजारातून उठून त्यांनी एका हत्तीच्या प्रवासाची प्रसन्न कादंबरी पूर्ण केली. १८ जून २०१० रोजी ते गेले तेव्हा शस्त्रास्त्रांच्या व्यापारावरची आणखी एक कादंबरी अर्धवट राहिली होती.