आज सायकल गेली

आज डाऊनहिल सायकल विकली. मोजून चार वेळा चालवली असेल, टायरवरचे ते बारीक रबराचे केस पण अजून तसेच होते. ही सायकल उतारासाठीच बनवलेली, पुढे डबल क्राउन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दणकट काटा), 200 मिमी ट्रॅव्हल म्हणजे धक्क्याला तो तेवढा दबतो, चढावर पॅडल मारत न्यायची म्हणजे जीव जातो, आणि दर वेळी वर पोचवायला गाडी कुठून आणायची, म्हणून उभीच राहिली बिचारी आणि ते बघून रोज वाईट वाटायचं.

घ्यायला आलेला मुलगा जाणकार निघाला. आधी फोर्कच्या नळ्यांवरून बोट फिरवलं, मग मागचं चाक धरून पिव्होटमध्ये, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत, ढिलेपणा आहे का ते हलवून पाहिलं. फ्रेमखालचा दगडाचा ओरखडा मीच दाखवला, लपवायचा कशाला. तो माझ्यापेक्षा बराच हलका आहे, त्यामुळे मागची स्प्रिंग बदलून घे आणि सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं ते, साधारण 30 टक्के ठेव असं बजावून सांगितलं. जाताना पुढचं चाक काढल्यावर त्याने न सांगता ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला, चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर यायला नकोत म्हणून. ते बघून एकदम बरं वाटलं.