मारेकरी पहाऱ्यावर

पानावर लाल-काळा ढेकूण दिसला की पूर्वी मी बेधडक सांगायचे, हा मारेकरी ढेकूण, अ‍ॅसॅसिन बग! बऱ्याचदा तोंडावर आपटायचे. झाडांचा रस पिणारे कितीतरी ढेकूण तसेच भडक असतात. आता रंगाकडे बघतच नाही, थेट सोंडेकडे बघते. रस पिणाऱ्यांची सोंड बारीक, सरळ, चार पेरांची, पोटाशी निमूट मिटलेली. मारेकऱ्याची आखूड, जाड, बहुधा तीनच पेरांची आणि बाकदार. डोकं चिंचोळं आणि त्यामागे चक्क मान. सोंडेचं टोक छातीखालच्या खाचेत घासून यातले बरेच जण किरकिरतातही. ते ऐकायला म्हणून कुणी त्याला चिमटीत धरू नये, दंश सणसणीत असतो.

ही सोंड तो अळीत खुपसतो, लाळ सोडतो आणि आतलं सगळं पातळ झालं की शोषून घेतो. नावात अतिशयोक्ती मुळीच नाही.

म्हणून एका फोटोपाशी थबकले. अंड्यांच्या पुंजक्यावर पाय रोवून उभा असलेला मारेकरी. 'शेवटी आई ती आईच' असं मनात म्हणूनही झालं आणि मग खालची ओळ वाचली. नर! आफ्रिकेतला ऱ्हायनोकोरिस ट्रिस्टिस. मादी अंडी घालून निघून जाते, परजीवी गांधीलमाश्यांना हुसकावत उभा राहतो तो बाप. शिवाय अंडी राखणारा नर माद्यांना जास्त पसंत पडतो. एकीची अंडी सांभाळतोय तोवर दुसरी येऊन त्यात आपली भर घालते. पाळणाघरच की!

पण हा पहारेकरी त्यातली काही अंडी स्वतःच फस्त करतो. पहारा सोडून शिकारीला लांब जाता येत नाही, भूक तर लागतेच. खातो ती बहुतेक कडेची, जिथे गांधीलमाशीचा हात आधी पोचतो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याच्या हिशेबीपणाचं कौतुकच वाटलं.

सगळेच मारेकरी असे नसतात. बहुतेक जातींत अंडी वाऱ्यावर सोडलेली असतात. अमेरिकेतल्या एपिओमेरस माद्या मात्र झाडांचा चिकट डिंक गोळा करून अंड्यांवर लिंपतात आणि मग जातात.

हल्ली असा ढेकूण दिसला की आधी सोंड बघते आणि मग वाकून, त्याच्या पायांखाली काही आहे का, तेही.