आमची वाटचाल : खोका, कागद आणि ड्राय आइस

सामंजस्य करारावर सह्या होतात तेव्हा फोटोत कुलगुरू असतात, कंपनीचे संचालक असतात, दिल्लीहून कुणी सहसचिव आलेले असतात आणि परदेशी पाहुण्यांच्या खांद्यावर नवी शाल असते. विद्यापीठ, उद्योग आणि शासन एका मंचावर आल्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येते. त्यानंतर सहा महिन्यांनी एका प्रयोगशाळेतली रिसर्च असिस्टंट आम्हाला फोन करते, "मॅडम, सीरम पाठवायचंय, कसं पाठवतात?" खरं जाळं तिथून विणायला लागतं. ते काम आम्ही करतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

आम्ही पुण्याहून जैविक नमुने परदेशी पाठवतो आणि परदेशातले इथे आणतो. सीरम, थुंकी, बायोप्सीचे ब्लॉक, गोठवलेल्या पेशी. भोसरीत गाळा आहे. २००७ साली मी एका डायग्नोस्टिक लॅबमधली मायक्रोबायोलॉजिस्टची नोकरी सोडून हे सुरू केलं, तेव्हा सासरी सांगताना "कुरियरचा धंदा" असंच सांगितलं होतं. आजही तिकडे तसंच समजतात. असो.

सीमेपलीकडचं जाळं कसं चालतं हे बघायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेंदूज्वरावरची 'मेनआफ्रिव्हॅक' लस घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांचा प्रकल्प, कॉन्ज्युगेशनचं, म्हणजे जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडायचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतलं, सुरुवातीचं पॉलिसॅकराइड, म्हणजे ती साखर, ॲम्स्टरडॅमच्या कंपनीचं, उत्पादन पुण्यात आणि डिसेंबर २०१० मध्ये पहिली मोठी मोहीम बुर्किना फासोत. किंमत डोसमागे अर्ध्या डॉलरच्या आत. पुढे २०१२ मध्ये हीच लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस चालेल अशी मान्यता मिळाली. म्हणजे आमच्यासारख्या शीतसाखळीवाल्यांच्या, माल थंड ठेवून पोचवणाऱ्यांच्या, पोटावर पायच, पण मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीचंही तसंच. ११६ई हा विषाणू ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या चमूला नवजात बाळांत सापडला. त्याच्या हैदराबादच्या भारत बायोटेकने केलेल्या लसीला परवाना मिळायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात अमेरिकेतल्या संस्था, आपला जैवतंत्रज्ञान विभाग आणि कंपनी यांच्यात किती खोके फिरले असतील, याचा हिशोब कुठल्याही अहवालात नाही. मला मात्र असं काही वाचलं की आधी खोकेच दिसतात.

आमचा पहिला भागीदार म्हणजे भोसरीतलेच थर्मोकोलवाले काका. कागदोपत्री ते कधीच भागीदार नव्हते. पण पहिलं वर्षभर त्यांनी बिल लावलं नाही, त्याला दुसरा शब्द नाही. ते द्राक्षं आणि मासळीचे खोके करायचे. मी गेले आणि सांगितलं की भिंत दोन इंच जाड हवी, झाकणाला आतून खाच हवी, म्हणजे ते घट्ट बसेल. त्यांनी विचारलं, "मासळी किती दिवस राहायला पाहिजे?" मी म्हटलं, मासळी नाही, माणसाचं रक्त आहे आणि चार दिवस. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग अडीच इंच करू." खोका तयार झाला की ते कोपऱ्यात अंगठा दाबून बघायचे. थर्मोकोलचा मणी सुटला किंवा खड्डा पडला की तो खोका बाद, मग तो मासळीवाल्याकडे जायचा. घनता मोजायचं यंत्र आम्ही फार नंतर घेतलं. अंगठ्याने बाद केलेला माल यंत्राने पास केल्याचं मला तरी आठवत नाही.

यूएन ३३७३ चं, म्हणजे विमानाने जाणाऱ्या तपासणीच्या जैविक नमुन्यांचं काम करणाऱ्यांना मी नवीन काही सांगत नाहीये, पण तरी सांगते, कारण चुका अजून त्याच होतात. पीआय ६५० हा त्यांच्या बांधणीचा नियम, म्हणजे तीन आवरणं: आतली नळी, तिच्याभोवती शोषक कागद आणि दुसरं गळतीबंद भांडं, मग बाहेरचा टणक खोका. आतल्या दोहोंपैकी एकाने ९५ किलोपास्कलचा दाबफरक सोसला पाहिजे, कारण विमान वर गेलं की सैल झाकण आपोआप बोलतं. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, नेहमी दुसऱ्या भांड्याच्या बाहेर. आणि खोका टेपने चारी बाजूंनी गच्च बंद करायचा नाही. बर्फाचा वायू होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. एका नामवंत संस्थेतून आलेला खोका आमच्या टेबलावर फुगलेला होता, पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) लावून सीलबंद! पाठवणारे पीएचडी होते. बर्फाचं निव्वळ वजन किलोत बाहेर लिहायचं, ड्राय आइसचं यूएन १८४५ चं लेबल लावायचं आणि ज्याला रात्री फोन लागेल अशा माणसाचा नंबर टाकायचा. विभागाचा लँडलाइन टाकू नका.

आणि शुक्रवारी काहीही पाठवू नका. सोमवारी पाठवा, फार तर मंगळवारी. समोरच्या देशाचं कॅलेंडर भिंतीवर लावा. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत खोका घ्यायला कुणी नसतं. दिवसाला दोन ते साडेचार किलो बर्फ उडतो असं धरून चाला आणि एक दिवस जास्तीचा भरा. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आपल्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवूनच बाकीचा द्या. इनव्हॉइसवर किंमत शून्य लिहू नका, कस्टमचा माणूस शून्याला घाबरतो. पाच-दहा डॉलर लिहा आणि 'केवळ कस्टमसाठी' असं पुढे घाला.

खोक्यापेक्षा कागद जड. परदेशी संस्थेबरोबरच्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, तिचं काम आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून चालतं. दोन्ही संस्थांच्या नैतिकता समित्या, एमटीए (नमुने देण्या-घेण्याचा करार), आयात परवाना लागत असेल तर तोही. माणसाचं रक्त एका नियमात, आणि त्याच रक्तातून वाढवलेला जंतू जैवविविधता कायद्यात, म्हणजे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा प्रश्न. विद्यापीठाला वाटायचं की हे कंपनी बघेल, कंपनीला वाटायचं विद्यापीठ, आणि सरकारी कार्यालय दोघांपैकी जो समोर येईल त्याला परत पाठवायचं. आम्ही तिघांच्या अर्जांतले सामाईक रकाने काढून एकच तक्ता केला. नमुन्याचा प्रकार, संख्या, आकारमान, कुठे जाणार, उरलेल्याचं काय होणार. प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या पेनाने भरायचा. एमटीएत पाचशे नळ्या, मंजुरीत साडेचारशे आणि खोक्यात पाचशे वीस, असले प्रकार त्या तक्त्यामुळे थांबले. आज त्याला 'स्टेकहोल्डर कोऑर्डिनेशन' म्हणून स्लाइडवर घालतात. आमच्याकडे तो फक्त "रंगीत कागद" होता.

मधली सात-आठ वर्षं बरी गेली.

मग ४ ऑगस्ट २०१६ आला. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली: तपासणी आणि संशोधन-विकासासाठी व्यावसायिक कामाचे मानवी नमुने आणायला-पाठवायला आता कुठल्याही सरकारी खात्याची परवानगी नको, कंपनीने नियम पाळत असल्याची हमी लिहून दिली की झालं. निर्णय योग्यच होता. इतकी वर्षं मीच प्रत्येक बैठकीत हे मागत होते. पण आमच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सीआरओ (कंत्राटावर संशोधन करणाऱ्या कंपन्या) आणि औषध कंपन्यांच्या कागदांवर होता, आणि तो एका पानाने गेला. विद्यापीठांचं काम तेवढं समितीच्या वाटेवर राहिलं आणि विद्यापीठं बिल मार्चमध्ये देतात. जगलोच तर मार्चमध्ये!

त्याच दिवाळीच्या आसपास एक मोठी कंपनी पुण्यात उतरली. नाव लिहीत नाही, या धंद्यातल्यांना सांगायची गरज नाही. पांढऱ्या गाड्या, त्यांवर निळे हिमकण, गाडीत जीपीएस, मोबाइलवर तापमानाचा आलेख. आमचा डेटा लॉगर, म्हणजे खोक्यातलं तापमान नोंदणारं यंत्र, परत आल्यावर संगणकाला जोडून बघायला लागायचा. त्यांनी दर आमच्या खरेदीच्याही खाली लावले. कसे परवडतात हे मी विचारत बसले नाही. वर्षभर तोटा सोसायची त्यांची ऐपत होती आणि आमची तीन महिन्यांचीही नव्हती. आमच्याकडे सहा वर्षं काम केलेला मुलगा तिकडे गेला. पगार दुप्पट, मी अडवलं नाही. पण तीन महिन्यांनी एका ग्राहकाने त्यांचा फॉर्म दाखवला. आमच्या रंगीत कागदात दहाव्या रकान्यानंतर थेट बारावा येतो. अकरावा आम्ही कधीतरी काढून टाकला आणि आकडे बदलायचे राहिले. त्यांच्या छापील, चकचकीत, लोगो असलेल्या फॉर्ममध्येही दहानंतर बाराच होता.

मी तो कागद अजून फाइलला लावून ठेवला आहे. वकिलांना विचारलं, ते म्हणाले सोडून द्या. सोडलं, पण विसरलेले नाही.

२०१७ चा पूर्वार्ध म्हणजे गाळ्याचं भाडं थकलेलं, ड्राय आइसवाला रोख मागतोय, आणि फोन वाजला की ग्राहक नसून बँक. व्हॅन विकली. नमुने माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीची काच खाली ठेवून मुंबईला सहार विमानतळाच्या कार्गोपर्यंत नेले. काच खाली का, ते ड्राय आइस गाडीत नेणाऱ्याला कळेल. ज्याला कळत नसेल त्याने नेऊ नये. त्यात २०१८ च्या मार्चमध्ये राज्याची प्लास्टिक-थर्मोकोल बंदी आली. ती ताटं, वाट्या आणि मखरांवर होती, पण आमच्या गल्लीत सगळ्यांचंच धाबं दणाणलं. काकांनी दोन आठवडे शटर अर्धं खाली ठेवूनच खोके दिले.

तेव्हा आम्हाला ज्यांनी तारलं ते एका वैद्यकीय महाविद्यालयातले सर. क्षयरोगावर काम. पुण्यात त्या कामाला मोठी परंपरा आहे. बीजे मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्स यांचं सहकार्य आणि २०१३ पासूनचं भारत-अमेरिकेचं 'रिपोर्ट इंडिया' हे जाळं जाणकारांना माहीत आहेच. सर त्यांतले नव्हेत, त्यांचं काम लहान होतं, युरोपातल्या एका विद्यापीठाबरोबर. मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्याकडेही गेला होता. सरांनी त्याला एकच विचारलं, "फ्रँकफर्टला खोका अडकला तर बर्फ कोण भरतं आणि त्याचं नाव काय?" त्याने टोल फ्री नंबर दिला. सरांनी चहा पाजून परत पाठवला. मला म्हणाले, "तुझे दर जास्त आहेत, पण भांडायला माणूस आहे." भांडायचेही. एकदा लेबलवरचा बारकोड दोन मिलिमीटर तिरका होता म्हणून अख्खी खेप परत चिकटवायला लावली. मात्र बिल पंधरा दिवसांत, विभागाकडून पैसे आले नाहीत तर खिशातून.

त्यांच्याच ओळखीने युरोपातल्या त्या विद्यापीठाचं परतीचं काम मिळालं, मग त्यांच्याबरोबरच्या किट बनवणाऱ्या कंपनीचं, आणि एका सरकारी संस्थेने आमचा रंगीत कागद तपासणीसाठी मागवला. (अकरावा रकाना आता घातला आहे. त्यात डेटा लॉगरचा क्रमांक येतो.)

२०२० बद्दल सगळेच लिहितात. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. नमुने बहुतेक प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातात, त्यामुळे जागा मिळेना आणि दर आभाळाला. आम्ही तेव्हा परदेश सोडून पुण्यातल्या पुण्यात स्वॅब फिरवले. पैसे मिळाले, झोप नाही.

सध्या ड्राय शिपर घेतले आहेत, उणे १९० चे. द्रव नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरवलेला असतो, सांडत नाही. पण आडवा ठेवला की टिकायचे दिवस झपाट्याने घटतात. चारी बाजूंना बाण काढले आहेत, तरी लोडर आडवा ठेवतात. म्हणून आम्ही वर झुकाव दाखवणारं स्टिकर लावतो. आडवा झाला की लाल. स्टिकर महाग आहे, पण वाद मिटतात.

गेल्या महिन्यात त्या पांढऱ्या गाड्यांच्या कंपनीकडून ईमेल आला. अडीच इंची खोके हवेत, खाच असलेल्या झाकणाचे, दरमहा दोनशे, पैसे नव्वद दिवसांनी. काकांचा मुलगा म्हणाला, "ताई, घेऊ या ऑर्डर." मी कोटेशन पाठवलं आहे. दर वाजवी लावला आहे. अट एकच, शंभर टक्के ॲडव्हान्स.