कुंतीला करवत लावण्यापूर्वी

जालन्यातील आमच्या घरापुढचे एक सदाहरित झुडूप वर्षानुवर्षे कोणी हात न लावल्यामुळे १२ फुटांवर गेले होते. बुडाशी नुसती उघडी खोडे, वर पानांचा दाट डेरा आणि त्यामागे दिवसाही दिवा लावावा लागणारी बैठकीची खोली. शेजारच्या काकू त्याला मेंदी म्हणत, आई त्याला कढीपत्त्याचाच रानटी भाऊ समजे, आणि माळीदादा तर ‘काय का असेना, गुडघ्याएवढं ठेवू’ म्हणत कोयता घेऊनच आले होते.

मी त्यांना थांबवले, कारण चार वर्षांपूर्वी मोरपंखीच्या बाबतीत हीच घाई मी स्वतः केली होती. मोरपंखीच्या पाने नसलेल्या जुन्या लाकडातून फुटवा सहसा येतच नाही, हे तिचा खराटा झाल्यावर मला समजले.

हे झुडूप मेंदी नव्हते. मेंदीची साधी पाने समोरासमोर जोडीने येतात. येथे एका देठावर ३ ते ७ चकचकीत पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे भाग, आळीपाळीने लागलेल्या होत्या. पान उन्हासमोर धरले तेव्हा तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसले, म्हणजे कूळ लिंबू-मोसंबीचे ठरले आणि आईचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र कढीपत्त्याच्या पर्णिका याहून पुष्कळ अधिक असतात आणि त्याचे फळ पिकल्यावर काळे होते, तर येथे पानांआड नारिंगी-लाल फळे होती. ही कुंती होती; रोपवाटिकांत तिला कामिनी म्हणतात.

कुंतीच्या जुन्या खोडात सुप्त डोळे, म्हणजे अजून न फुटलेले कोंब, असल्यामुळे ती खोल छाटणी सोसते. तरीही मे महिन्यात हे काम करू नये, कारण इतकी वर्षे सावलीत राहिलेली साल आपल्याकडच्या ४० अंशांपलीकडील उन्हात एकाएकी उघडी पडून भाजते. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, डेऱ्यात पक्ष्याचे घरटे नाही हे पाहून, ९ खोडांपैकी सर्वांत जाड ३ खोडे आम्ही २ फुटांवर तिरप्या कापाने उतरवली आणि उरलेली पुढच्या दोन पावसाळ्यांसाठी ठेवली. माळीदादांना हा हप्ता-हप्त्याचा व्यवहार पटला नाही. निरोगी कुंती एकदाच सगळी छाटली तरी चालते हे खरे. पण आमच्या झुडपात वाळलेल्या काड्या बऱ्याच होत्या, म्हणून मी धोका पत्करला नाही. लाकूड फिकट पिवळे आणि इतके टणक निघाले की करवतीचे दात बोथटले. एक सरळ तुकडा माळीदादांनी खुरप्याच्या मुठीसाठी बाजूला काढला.

मोठ्या कापांवर १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी या प्रमाणात, प्लास्टिकच्या बादलीत कालवलेली, बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. झुडपाला पाणी मुद्दाम कमी दिले, कारण पाने घटली की झाडाची तहानही घटते आणि काळ्या जमिनीत साचलेले पाणी मुळे कुजवते.

तीन आठवड्यांत खोडांवर तांबूस-हिरवे कोंब आले, आणि खरी राखण तेव्हापासून सुरू झाली. मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सायला किडीला कुंतीचे कोवळे कोंब फार आवडतात, आणि आमच्या मामांची मोसंबीची बाग घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शेपटाकडची बाजू वर करून तिरका बसणारा तो तपकिरी कीटक किंवा पांढरे मेणचट धागे सोडणारी पिल्ले दिसतात का, हे मी दर रविवारी भिंगाने पाहतो. दोनदा दिसली, तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्क फवारला. मामांच्या मते झुडूप मुळासकट काढणेच शहाणपणाचे होते, आणि त्यांच्या बागेकडे पाहिले की मला त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही.