अर्ध्या आण्याचं पाकीट आणि माझे चार महिने

'इसमें लिखा क्या है?' हा प्रश्न गेल्या वर्षी एका जुन्या पाकिटापायी कस्टम्सकडून मला इतक्या वेळा विचारला गेला की आता शेजारीण सहज 'काय लिहिताय काकू?' म्हणाली तरी माझ्या कपाळाला आठी पडते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. परदेशातल्या लिलावातून जुनं टपाल मागवायचं मनात असेल तर तुमच्या कामाचं आहे. नसेल तर माझा राग तरी ऐकून घ्या.

वस्तू काय ते आधी सांगते. ग्वाल्हेर संस्थानानं १८८५ साली टपालाची तिकिटं सुरू केली, पण स्वतःची वेगळी काढली नाहीत. ब्रिटिश सरकारशी करार करून हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचं नाव छापून घेतलं. या वरून छापलेल्या नावाला ओव्हरप्रिंट म्हणतात. पतियाळा, नाभा, झिंद, चंबा, फरीदकोट यांनीही हेच केलं. राणीचं तिकीट लंडनला डी ला रू यांच्याकडे छापलं जायचं, कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात त्यावर इंग्रजी आणि नागरीत आमच्या गावाचं नाव चढायचं, मग ते इथं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पोस्टाच्या खिडकीवर विकलं जायचं. अगदी सुरुवातीच्या तिकिटांवर नागरी वर आणि इंग्रजी खाली, मग लगेच उलट झालं. नागरी ओळ कधी १३-१४ मिलिमीटरची, कधी १५-साडेपंधराची. एक मिलिमीटर इकडे की तिकडे यावर आम्ही मंडळी पट्टी आणि भिंग घेऊन तासन्‌तास बसतो. आमचे हे म्हणतात, 'तिकीट बघतेस की ब्लाउजचं माप घेतेस?'

तर १८९६ च्या एका छपाईत खिळे जुळवणाऱ्याच्या हातून इंग्रजी नावातल्या 'ओ'च्या जागी 'सी' बसला. शीटवरच्या एकाच जागी. बाकी सगळी तिकिटं बरोबर, हे एक चुकलेलं. 'छोटा जी', 'उंच आर' अशाही ग्वाल्हेरच्या व्हरायटी, म्हणजे छपाईतल्या वेगळेपणाचे प्रकार, आहेत, पण मला लहानपणापासून हा 'सी' हवा होता. आणि सुटं तिकीट नको, पाकिटावरचं हवं होतं. त्याला कारण आहे. माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. घरात पाकिटांचे गठ्ठे होते आणि आजोबांनी हौसेनं ते सगळे कोमट पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली, पाकिटं बंबात घातली. मी स्वतः पाच-सहा वर्षांची असताना ती ओली तिकिटं टीपकागदावर पालथी घालायला मदत केली आहे. त्या बंबात काय काय गेलं असेल याचा विचार मी करत नाही. (तुमच्या घरी जुनी पाकिटं असतील तर कृपा करून भिजवू नका. शिक्का, तारीख, पत्ता, दर, सगळी गंमत पाकिटात असते.)

इंग्लंडमधल्या एका लिलावात मला ते दिसलं, बोली लावली, मिळालं. खर्च, कमिशन आणि टपाल धरून १९ हजार. घरी १२ सांगितले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं दोन दिवसांत आटोपलं.

पाकीट असं: लष्करहून पुण्याला, १८९७. अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट, कारण तेव्हा अर्ध्या तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडायचा. पत्ता मोडीत, खाली कुणीतरी इंग्रजीत 'पूना' लिहिलेलं. आत पत्र नाही, नुसतं पाकीट. सोबत लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र, फोटोसकट. ग्वाल्हेरचे खोटे ओव्हरप्रिंट बाजारात ढिगानं आहेत, त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय मी एवढे पैसे घातले नसते.

पार्सल ११ दिवसांत देशात पोचलं. मग ट्रॅकिंगवर एक ओळ आली, 'हेल्ड बाय कस्टम्स', आणि ती ओळ तिथंच बसली. कुठल्या शहरातली कचेरी ते लिहीत नाही. तिथली माणसं बदलतील, कचेरी तशीच राहील.

चोविसाव्या दिवशी साध्या टपालानं पत्र आलं. आधार, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा परवाना क्रमांक. मी घाबरले. बाड्यावरच्या पोस्टातून निवृत्त झालेले आमचे शेजारी आप्पा म्हणाले, 'अगं, तू काय दुकान घातलंयस? स्वतःसाठी मागवलेल्या वस्तूला तो नंबर लागत नाही, तेवढं लिही आणि बाकीचे कागद जोड.' तसं केलं. ई-मेल गेली. नंतर तीन आठवडे शांतता.

फोन लागला तेव्हा कळलं की फाइलवर शेरा आहे: 'हस्तलिखित, लिपी अज्ञात'. भाषांतर पाहिजे.

पत्त्याचं भाषांतर! रिकाम्या पाकिटावर पेठ आणि गाव लिहिलंय, दुसरं काय असणार? मी म्हटलं, 'भैया, वो मोडी है, मराठी की पुरानी लिपी.' तिकडून, 'मैडम, हमको कैसे मालूम क्या लिखा है? प्रमाणित अनुवाद भेजिए.'

आता गंमत पाहा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात दरबारचं निम्मं कामकाज मोडीत चालायचं आणि आज मला लष्करात मोडी वाचणारा माणूस मिळेना. दौलतगंजातले एक काका वाचतात म्हणून गेले, तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शेवटी आप्पांनीच शाळेत शिकलेली मोडी आठवून, लिलावाच्या फोटोवरून, दोन संध्याकाळी घालून वाचलं: 'मुक्काम पुणें, पेठ शनवार', आणि पुढे नाव, जे शाई पसरून अर्धं गेलंय. ते मी हिंदीत लिहिलं. मग नोटरीकडे. नोटरी म्हणाला, भाषांतर बरोबर आहे हे मी कसं सांगू, मी फक्त तुमची सही प्रमाणित करतो, तुम्ही शपथपत्र करा. अर्ध्या आण्याच्या तिकिटासाठी शंभराचा स्टॅम्प पेपर घेतला. 'मी शपथेवर सांगते की पाकिटावर पत्ता आहे.' हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

शपथपत्र पाठवलं. पुढची शंका आली: वस्तू शंभर वर्षांहून जुनी, म्हणजे पुरातन, परवानगी आणा. इथं माझा संयम सुटला. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्याला आडवा येतो. माझं पाकीट बाहेरून घरी येत होतं! फोनवर मी तसं मोठ्यानं म्हटलं. फोन कटला. मी कापला नव्हता.

रात्रीच्या गाडीनं गेले. हे बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं, कारण मग १९ हजारांचं बिल त्यांनी तिथं बघितलं असतं. सकाळी दहाला खिडकीवर. साडेअकरापर्यंत 'साहब राउंड पर हैं'. मग जेवण. अडीचला एका तरुण अधिकाऱ्यानं आत बोलावलं. मुलगा खरं तर चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं पार्सल काढलं. पुठ्ठा कापताना ब्लेड पाकिटापासून बोटभर अंतरावरून गेलं होतं, तो काप मला दिसला. आणि मग त्यानं शेऱ्याची चिठ्ठी घेतली, पाकिटाच्या पारदर्शक कव्हरावर ठेवली आणि स्टेपलर उचलला.

मी ओरडले. खरंच ओरडले, सगळी खोली वळून बघायला लागली. 'भैया! स्टेपल मत करो!' त्याचा हात हवेत. त्यानं चिठ्ठी क्लिपला लावली, पाणी मागवलं आणि मला बसायला सांगितलं. मग भिंग मागून 'सी' बघितला. मागचा पुण्याचा शिक्का बघितला, पुढचा लष्करचा बघितला, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, 'तीन दिन में पहुँच गया था?' आम्ही दोघं हसलो. हसून झाल्यावर तो म्हणाला, 'साहब कल आएँगे.'

पण त्या दिवशी मला खरी अडचण कळली, आणि ती फोनवर चार महिने कुणी सांगितली नव्हती. भाषांतर, पुरातन वगैरे सगळं वरवरचं. पाठवणाऱ्यानं फॉर्मवर नुसतं 'स्टॅम्प' लिहिलं होतं, म्हणून कुणीतरी ते कस्टम्सच्या वर्गवारीतल्या ४९०७ या शीर्षकात टाकलं होतं. ४९०७ म्हणजे न वापरलेली, चालू तिकिटं, नोटा, चेक असल्या किमतीच्या कागदांचं शीर्षक. त्या हिशेबानं माझ्या पाकिटाचे प्रश्न वेगळे, कागद वेगळे. संग्राहकांची जुनी तिकिटं, वापरलेली पाकिटं ९७०४ मध्ये येतात. त्या मुलाच्या टेबलावर बसून मी एक अर्ज लिहिला: तिकिटावर शिक्का आहे म्हणजे ते वापरलेलं आहे. आणे १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हा गेले. ग्वाल्हेरच्या ओव्हरप्रिंटची तिकिटंही १९५० नंतर टपालातून गेली. तेव्हा हे चालू तिकीट कुठल्याच अर्थानं नाही, ९७०४ लावावं. चार ओळी. त्यावर दुसऱ्या दिवशी सही झाली. एवढ्यासाठी चार महिने! पण त्या चार ओळींचा मला अजून अभिमान आहे, खोटं का बोलू.

तेव्हा मागवताना पाठवणाऱ्याला आधीच सांगा: फॉर्मवर 'वापरलेली संग्राह्य तिकिटं, पाकिटासह' असं पूर्ण लिही, ९७०४ लिही, बिलाची एक प्रत बाहेरच्या पाऊचमध्ये आणि एक आत. किंमत कमी लिहू नको. काही विक्रेते उपकार म्हणून दहा पौंड लिहितात, मग बिल मागवलं की तुम्ही खोटे ठरता. आणि पुठ्ठा दोन्ही बाजूंनी, कडेपासून आत. माझं वाचलं ते दैवानं.

मोडी असेल तर आधीच वाचून ठेवा.

खोटं ओळखायचं कसं, हे राहूनच गेलं. भिंगाखाली शिक्क्याची शाई ओव्हरप्रिंटच्या वर आलेली दिसली पाहिजे, कारण ओव्हरप्रिंट आधी झाला, शिक्का नंतर बसला. उलट दिसलं, म्हणजे ग्वाल्हेरचं नाव शिक्क्यावर चढलेलं दिसलं, तर कुणीतरी साधं वापरलेलं तिकीट घेऊन घरी नाव छापलंय. शिवाय शिक्का कुठला ते बघा. ही तिकिटं संस्थानातल्या पोस्टात विकली जायची. ग्वाल्हेरचं तिकीट आणि शिक्का मद्रासचा असेल तर मी पैसे काढणार नाही. प्रमाणपत्र असेल तरी त्यातला फोटो आणि हातातली वस्तू यांतल्या तिकिटाच्या कडेचे दाते एक-एक मोजून जुळवा, शिक्का तिकिटावर कुठं पडलाय तेही. प्रमाणपत्र एकाचं आणि तिकीट दुसरं, असंही होतं.

कचेरीत जायचं असेल तर मंगळवार-बुधवार जा. आणि दुकानदारांनो, बाई तिकीट बघायला आली की 'मिस्टरांसाठी का?' विचारू नका. सराफ्यात मला अजून विचारतात.

पाकीट नवव्या दिवशी घरी आलं. ड्यूटी पोस्टमनला रोख दिली, पावती घेतली. मी गाडीभाड्याला आणि स्टॅम्प पेपरला घातले त्यापेक्षा कमीच होती. आप्पांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून, पाकीट नाकाशी नेऊन मोडी पुन्हा वाचली आणि म्हणाले, 'शनवार नाही गं, सदाशिव वाटतंय.' मी म्हटलं, आप्पा, शपथपत्र झालंय, आता शनवारच.

नंतर ह्यांनी पावती उचलली. वस्तूच्या रकान्यात त्या कचेरीनं लिहिलं होतं: 'पुराना लिफाफा, खाली, १ नग'. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा एकदा वाचलं, आणि विचारलं, 'याचे बारा हजार?'