विटांचा ओव्हरकोट

इंग्लंडमधलं वॉल्व्हरहॅम्प्टन मागे पडलं की थोड्याच वेळात मोझली ओल्ड हॉल येतं. नावात हॉल असला तरी घर शेतकऱ्याचंच वाटतं: लाल विटा, उतरती छपरं, वर धुराडी. जवळच्या मोटरवेची घरघर फुकट. खरं सांगतो, मी हिरमुसलो. आईला घेऊन १६००च्या सुमाराचं घर बघायला आलो आणि समोर रेल्वे क्वार्टर्सला शोभतील अशा सरळसोट भिंती!

गोम तिथेच आहे. हेन्री पिट नावाच्या व्यापाऱ्याने बांधलं ते लाकडी सांगाड्याचं घर. विटा चढल्या १८७०च्या आसपास, तेव्हाच जुन्या खिडक्याही गेल्या. जुन्या लाकडाची डागडुजी करण्यापेक्षा ते झाकून टाकणं सोपं वाटलं असावं. मला आधी राग आला. पण आत गेल्यावर कळलं, या ओव्हरकोटाखाली मूळ घर शाबूत आहे. ओकच्या तुळया, भिंतींवर काळपट लाकडी तक्तपोशी, आणि पावलागणिक कुरकुरणारी जमीन. बाहेर व्हिक्टोरिया, आत पहिली एलिझाबेथ.

वरच्या एका खोलीला लागून छोटी कोठडी आहे. तिच्या जमिनीतलं झाकण उचललं की खाली अंधारा खळगा. इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथावर बंदी होती तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंना लपवण्यासाठी केलेला. सप्टेंबर १६५१मध्ये वुस्टरची लढाई हरून पळालेला, इंग्लंडच्या गादीचा वारस दुसरा चार्ल्स या घरात आसऱ्याला आला, आणि त्याला हरवणाऱ्या सेनापती क्रॉमवेलचे शिपाई दारात आले तेव्हा याच खळग्यात शिरला. वय एकवीस, उंची सहा फुटांच्या वर. आईने वाकून पाहिलं. "एवढ्यात आपलं तांदळाचं पिंपसुद्धा बसायचं नाही रे!"

चहा घेताना मी तिला पुढचं सांगितलं. चार्ल्स गादीवर बसला, पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं, आणि १६६१च्या त्या करारात आंदण म्हणून त्याला मुंबई मिळाली. १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

आईचं माहेर गिरगावातलं. तिने कप खाली ठेवला, टेबलावरची पावती उचलली आणि आपल्या दोघांच्या चहा-स्कोनचे किती झाले ते चष्मा लावून पाहिलं.

"अख्खी मुंबई?"