आरशाची दांडी

एका सिलिंडरच्या मोटरसायकलचा आरसा गाडी उभी असताना जितके स्वच्छ दाखवतो, तितके धावताना क्वचितच दाखवतो. फोंड्याहून पणजीला जाताना म्हार्दोळ, मंगेशीपर्यंत सगळे ठीक असते. पुढे रस्ता मोकळा मिळून वेग साठाकडे सरकला, की मागून येणारी कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाची, बस आरशात बस न राहता नुसता रंगाचा पट्टा होते.

हा दोष काचेचा नव्हे. वरखाली होणाऱ्या पिस्टनचा धक्का एकट्या सिलिंडरच्या इंजिनात पुरता तोलला जात नाही, म्हणून अलीकडच्या अनेक इंजिनांत तो शमवण्यासाठी वेगळा बॅलन्सर शाफ्ट बसवलेला असतो. ज्या गाडीत तो नाही, तिथे क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यामागे एक हिसका चौकटीतून हँडलला आणि हँडलवरून आरशाला पोचतो; मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० हिसके. आरशाची दांडी ही एका टोकाला आवळलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन पेलणारी छडी असल्यामुळे तिलाही हलण्याचा स्वतःचा ठरलेला ठेका असतो. हिसके त्या ठेक्याशी जुळले, की शाळेच्या विज्ञानात शिकलेला अनुनाद आपल्या डोळ्यांसमोर घडतो. म्हणूनच चाळिसाला स्थिर असलेला आरसा साठाला वेडापिसा होतो आणि आणखी वेग वाढवल्यास पुष्कळदा पुन्हा शांतही होतो.

नवा आरसा घेण्याआधी पाना हातात घ्यावा, हे मात्र खरे. दांडीच्या बुडाचा चेकनट (दांडी जागी आवळून धरणारा नट), हँडलचे क्लॅम्प, इंजिन चौकटीला धरणारे बोल्ट यांपैकी काही सैल असेल, तर महागातला आरसाही थरथरणारच. हँडलच्या टोकांची वजने अनेकजण नवी ग्रिप बसवताना काढून टाकतात आणि परत लावायचे विसरतात. ती शोभेसाठी दिलेली नसतात.

दुकानात गेल्यावर लोक काचेचा आकार पाहतात. मी दांडी पाहतो. आखूड आणि जाड दांडीचा ठेका जलद असतो, तर जड डोक्याच्या आरशाचा ठेका संथ असतो. दोन्ही उपाय चालतात, कारण कंप नाहीसा करायचा नसून तो आपल्या नेहमीच्या वेगापासून दूर ढकलायचा असतो. लांब, बारीक दांडीवरचा हलका प्लास्टिकचा आरसा स्वस्त मिळतो आणि त्याच मापाने दाखवतो. दांडीखाली रबरी वॉशर घातल्याने थोडा फरक पडतो, पण रबर फार मऊ असेल तर वाऱ्यानेच आरसा फिरतो.

हँडलच्या टोकाला बसणारे आरसे दिसायला देखणे असतात आणि त्यांत आपले कोपर येत नाही, हेही मान्य. परंतु रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, तेव्हा असे रुंदावलेले हँडल शेजाऱ्याच्या क्लचच्या लिव्हरमध्ये अडकते आणि उतरताना मागच्यांचा खोळंबा होतो. गोव्यात राहून हा शौक करावासा मला वाटत नाही.

आटे तपासूनच पैसे द्यावेत. बहुतेक गाड्यांना १० मिलिमीटरचे आटे असतात, काही स्कूटरना ८ चे. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, म्हणजे समोरून काही आदळल्यास तो आवळला न जाता सैल होऊन फिरतो. ही चांगली युक्ती ठाऊक नसलेला माणूस जोर लावून आटेच मारून टाकतो. काच फुगीर असेल तर अधिक रस्ता दिसतो, पण मागची गाडी आहे त्याहून लांब भासते. सपाट काचेची सवय असलेल्याने सुरुवातीला मान वळवून खात्री करावी. खाऱ्या हवेत क्रोम लवकर डागाळते आणि आरसा वळवण्याचा गोळ्याचा सांधा गंजून घट्ट बसतो, त्यामुळे मी काळा रंग दिलेले पोलाद पसंत केले.

नव्या जोडीची दांडी आखूड आणि जाड आहे. तिचा ठेका आता सत्तरच्या पुढे जुळतो आणि तो वेग माझ्या वाट्याला क्वचितच येतो. दांडी आखूड असल्यामुळे आरशाचा आतला बराच भाग माझ्या बाहीने व्यापलेला असतो, आणि जून ते सप्टेंबर रेनकोटाच्या बाहीने जरा जास्तच.